बंदिशाळेची वाटचाल

तुरुंग हा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळला आहे, की तो परका वाटत नाही. कोशकार मात्र त्याचे मूळ पोर्तुगीज 'ट्रोंको' या शब्दात दाखवितात. आज आपण पाहतो ती संस्थाही आपली जुनी नव्हे. मराठेशाहीत बंदिशाळेचे काम बहुतांशी किल्लेच करीत. 1797च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नाना फडणिसांस पकडले आणि पुढे नगरच्या किल्ल्यात ठेवले. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी अडकविलेले त्रिंबकजी डेंगळे 1816 साली ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. त्याच किल्ल्यात पुढे ठाण्याचे कारागृह नांदू लागले.

कंपनी सरकारने तुरुंगास शास्त्राचे रूप दिले. पण ते शास्त्र कठोर होते. मेकॉले यांच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने 1838 साली अहवाल दिला. त्यात शिक्षण व सदुपदेश यांनी कैदी सुधारेल ही कल्पना दूर सारून नीरस, कष्टाची मजुरी हाच उपाय सांगितला. मोठे मध्यवर्ती तुरुंग उभारावेत हा विचारही त्यातलाच. पुण्याचे येरवडा कारागृह 1871 सालचे. 1894 साली तुरुंगांचा कायदा झाला. कैद्याची सुधारणा हेही तुरुंगाचे कर्तव्य आहे, हे मान्य व्हावयास 1919-20ची तुरुंग समिती यावी लागली.

दरम्यान या भिंतींआड एक निराळेच विद्यापीठ भरत होते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्याच वर्षी येरवड्यास पुणे करार झाला. परंतु सत्याग्रही सुटून गेले. साधा कैदी आत राहिला. त्याचे काय, हा खरा प्रश्न होय.

त्याचे एक उत्तर आपल्याच मातीत सापडले. औंध संस्थानात आटपाडीजवळ 1939 साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसली. भिंत नाही, बेडी नाही. शेती करावी आणि कुटुंबासह राहावे. व्ही. शांताराम यांच्या 1957च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा येथलीच.

आज महाराष्ट्रात दीर्घ शिक्षेच्या कैद्यांसाठी मध्यवर्ती कारागृहे आहेत. त्यांखेरीज जिल्हा कारागृहे, तालुक्याचे दुय्यम तुरुंग, स्त्रियांची कारागृहे, नाशिकचे किशोर सुधारालय आणि पैठणसारखी खुली कारागृहे आहेत. वर्गवारी नेटकी आहे. पण खुल्या कारागृहात जाण्याची वाट शिक्षा झालेल्या, वर्तणूक पारखलेल्या 'पक्क्या' कैद्यालाच मोकळी. ज्याचा निकालच लागलेला नाही, तो 'कच्चा' कैदी मात्र बंद भिंतींतच राहतो. 2022 अखेरच्या आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत दर चार माणसांपैकी सुमारे तीन असे कच्चे कैदी होते. त्यांतल्या कित्येकांचा जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने अडतो.

म्हणजे गुन्हा शाबीत झालेल्यावर विश्वास टाकण्यास आपण शिकलो, आणि शाबीत न झालेल्यास अडकवून ठेवण्याची सवय मात्र सुटली नाही. आपल्या गावच्या तुरुंगावरून आपण रोज जातो. आत किती माणसे आहेत, त्यांपैकी किती जण केवळ तारखेची वाट पाहत आहेत, एवढे तरी आपण नागरिकांनी विचारावयास हवे. विचारणारे असले, की उत्तर देणाऱ्यासही जागे राहावे लागते.