कबुलीचें मोल

अपराधाची कबुली हें ईश्वरी क्षमेचें द्वार होय, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. परंतु प्रत्येक कबुली खरी असतेच असें नाहीं. खऱ्याखोट्याची पारख करावयाची झाल्यास अमेरिकेंतील सालेम गांवच्या इतिहासाइतकें बोधप्रद उदाहरण आम्हांस क्वचितच आढळतें.

इ. स. १६९२ सालीं मॅसॅच्युसेट्स ह्या इंग्रजांच्या वसाहतींत चेटकाच्या आरोपावरून दीडशेंहून अधिक स्त्रीपुरुष पकडले गेले. आरोपींची छाया येऊन आम्हांस छळते, ही कांहीं मुलींची साक्ष न्यायाधीशांनीं ग्राह्य धरली. त्या न्यायालयाची रीत मोठी विपरीत! ‘मी चेटूक केलें’ असें सांगून त्यावर जो कायम राही, त्याचा प्राण वांचे. ‘मी निरपराध आहें’ असें जो शेवटपर्यंत म्हणे, त्याच्या गळ्यास फांस लागे. असे १९ जण फांशीं गेले.

मार्गारेट जेकब्स ह्या तरुणीनें भीतीपोटीं खोटी कबुली देऊन जॉर्ज बरोज हे धर्मोपदेशक व स्वतःचा आजा ह्यांजवर आळ घेतला होता. पुढें मन खाऊं लागतांच तिनें तो जबाब मागें घेतला व मरणाची तयारी ठेवून ती तुरुंगांत राहिली. १९ ऑगस्ट रोजीं त्या दोघांस फांशी झाली. ती मात्र आजारामुळें चौकशी लांबल्यानें वांचली.

त्या न्यायासनावरील नऊ न्यायाधीशांत सॅम्युएल स्यूअल हे एक होते. १४ जानेवारी १६९७ रोजीं वसाहतींत उपवास व प्रार्थनेचा दिवस पाळण्यांत आला. त्या दिवशीं बोस्टनच्या साउथ चर्चमध्यें स्यूअल ह्यांनीं आपली लेखी कबुली धर्मोपदेशक विलर्ड ह्यांच्या हातीं दिली, आणि ती वाचून होईपर्यंत ते सर्व मंडळीसमक्ष उभे राहिले. दोष व लज्जा आपणांकडे घेऊन त्यांनीं ईश्वराची व मनुष्यांची क्षमा मागितली. त्यांस हें करण्यास कोणताहि कायदा भाग पाडीत नव्हता. मुख्य न्यायाधीश स्टॉटन ह्यांनीं तर मरेपर्यंत चूक मान्य केली नाहीं. तरीहि त्यांचा अधिकार अखेरपर्यंत अबाधित राहिला.

स्यूअल ह्यांची कबुली साडेचार वर्षें उशिरां आली, हें आम्ही विसरत नाहीं. तिनें मेलेले परत आले नाहींत. १७११ सालीं वसाहतीनें २२ जणांवरील कलंक दूर करून ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली. शेवटच्या स्त्रीचें नांव निर्दोष ठरण्यास तर २०२२ साल उजाडावें लागलें. परंतु स्यूअल ह्यांचा पश्चात्ताप त्या एका दिवसापुरता नव्हता. १७०० सालीं त्यांनीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि तीहि अशा समाजांत, जेथें धनिकांच्या घरीं गुलाम राबत होते.

सालेमच्या न्यायालयांत खोट्या कबुलीला जीवदान मिळालें. मार्गारेटनें आपली कबुली मागें घेतली आणि स्यूअल ह्यांनीं आपली कबुली दिली. कृति परस्परविरुद्ध, परंतु सचोटी एकच. दोघांनींहि सत्यासाठीं आपली सुरक्षितता पणास लावली. पुढाऱ्यांच्या क्षमायाचना ऐकतांना आमच्या वाचकांनीं एवढेंच पाहावें, कीं बोलणाऱ्यानें त्यांत आपलें कांहीं पणास लाविलें आहे काय.