आयडी गेली, आता तक्रार कुणाकडे?

मोठी पोस्ट आहे. घरात मोबाईलवर गेम खेळणारं पोरगं असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर आमच्या गल्लीतला एक पोरगा तोंड पाडून बसला होता. आयटीआयला आहे, सुट्टीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काका, आयडी गेली."

तीन वर्षं तो एक ऑनलाइन गेम खेळत होता. शंभर-दोनशे करत अकरा हजारांच्या आसपास पैसे त्यात घातलेले. कपडे, बंदुकीचे रंग, गाड्या असलं काहीबाही घेतलं होतं. एक दिवस सकाळी मेसेज आला: नियमभंगामुळे तुमचं खातं कायमचं बंद. कोणता नियम, कधी मोडला, काहीच लिहिलेलं नाही. कंपनीला मेल केला तर आलेलं उत्तर आधीच तयार ठेवलेलं होतं, फक्त नाव बदललेलं. पुन्हा मेल केला, पुन्हा तेच उत्तर.

टपरीवरचे सगळे हसले. "बरं झालं, आता तरी अभ्यास कर." खरं सांगतो, मीही हसलो. मग पोरगं शांतपणे म्हणालं, "काका, दुकानदारानं अकरा हजार घेऊन वस्तू परत नेली असती, तर तुम्ही बातमी केली असती ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं खरंच काही गडबड केली होती का, हे मला माहीत नाही. पण आरोप काय आहे हे तरी कळलंच पाहिजे की नाही? एवढ्यासाठी मी या विषयाच्या मागे लागलो. आणि लक्षात आलं की हे रडगाणं आजचं नाही. चांगला अठ्ठावीस वर्षांचा इतिहास आहे त्याला.

कॅसेट आपली होती

आमच्या पिढीला आठवत असेल. व्हिडिओ गेमची कॅसेट आणायची, अडकली तर फुंकर मारायची, पुन्हा लावायची. 'मारिओ' असो की 'कॉन्ट्रा', एकदा विकत घेतली की कॅसेट आपली. कंपनी बुडाली तरी खेळ चालू. मित्राला द्या, नाहीतर विकून टाका.

इंटरनेट आलं आणि हे मुळातूनच बदललं. ऑनलाइन खेळात तुमच्या हातात असते ती नुसती खिडकी. खरा खेळ कंपनीच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर चालतो. तुमचं खातं तिथे, तुमच्या वस्तूही तिथेच. वस्तू विकणारा दुकानदार जाऊन त्या जागी खोली भाड्यानं देणारा मालक आला. बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

पहिलं भांडण, १९९७

सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीनं 'अल्टिमा ऑनलाइन' बाजारात आणला. हजारो लोक एकाच वेळी एका काल्पनिक राज्यात राहतात, असा खेळ. आधी डबा विकत घ्यायचा आणि वर महिन्याला सुमारे दहा डॉलर भरायचे. गर्दी एवढी झाली की सर्व्हरला झेपेना. खेळ मध्येच अडकायचा, माणसं बाहेर फेकली जायची. आज आपली पोरं 'लॅग मारतंय' म्हणून ओरडतात ना, तेच.

१९९८ मध्ये काही खेळाडू थेट कोर्टात गेले. जाहिरातीत सांगितलं तसा खेळ चोवीस तास नीट चालत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण पुढे तडजोडीनं मिटलं. पण एक प्रश्न पहिल्यांदा कोर्टापर्यंत पोचला: महिन्याला पैसे घेता, तर सेवा कुठे आहे?

खेळ चालू असताना नियम बदलले

दुसरी जुनी तक्रार म्हणजे, 'आम्ही जो खेळ घेतला तो तुम्ही बदलून टाकला.' याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज'. सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटचा हा खेळ जून २००३ मध्ये सुरू झाला. त्यात फक्त लढाई नव्हती. कुणी शिंपी, कुणी डॉक्टर, कुणी नर्तक, कुणी घरं बांधणारा. तिसाहून जास्त व्यवसाय होते. लोकांनी दोन-दोन वर्षं घालवून त्यात नाव कमावलं होतं.

नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीनं एका फटक्यात व्यवसाय नऊवर आणले आणि खेळाची पद्धतच पालटली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला खेळाचा नवा विस्तारित भाग विकून झाला होता. लोकांनी तो घेतला आणि काही दिवसांत मूळ खेळच बदलला! इतकी ओरड झाली की त्या भागाचे पैसे परत द्यायची तयारी कंपनीला दाखवावी लागली. पण गेलेले खेळाडू काही परत आले नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये खेळ बंद झाला.

आइसलंडमधली निवडणूक

सगळ्या इतिहासात मला सगळ्यात आवडलं ते 'ईव्ह ऑनलाइन'चं प्रकरण. अंतराळातल्या व्यापाराचा आणि लढायांचा हा खेळ आइसलंडच्या सीसीपी या कंपनीचा. २००७ मध्ये उघड झालं की कंपनीतलाच एक कर्मचारी खेळातल्या मौल्यवान वस्तू आपल्या गटाला गुपचूप देत होता. म्हणजे पंचच एका टीमकडून खेळत होता.

यावर कंपनीनं काय करावं? २००८ पासून खेळाडूंची निवडून दिलेली समिती नेमली. खेळाडू मतदान करणार, निवडून आलेले प्रतिनिधी कंपनीच्या कार्यालयात जाऊन बैठकीला बसणार. अगदी ग्रामपंचायतीसारखं.

तीन वर्षांत तिची परीक्षा झाली. जून २०११ मध्ये खेळातल्या माणसाच्या एका डोळ्याला लावायचा चष्मा कंपनीनं विकायला काढला. किंमत साठ डॉलरच्या वर. नुसता दिखाऊ, पडद्यावरचा. त्याच सुमारास कंपनीच्या आतली कागदपत्रं फुटली आणि खेळाडूंकडून आणखी पैसे कसे काढायचे यावरची चर्चा बाहेर आली. लोक भडकले. खेळातल्या मुख्य बाजारपेठेत हजारो खेळाडूंनी जहाजं आणून तिथल्या पुतळ्यावर गोळीबार सुरू केला. म्हणजे खेळाच्या आतच मोर्चा! बऱ्याच जणांनी वर्गणी बंद केली. कंपनीनं समितीला तातडीनं रेक्याविकला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखानं जाहीर माफी मागितली आणि त्याच महिन्यात सुमारे वीस टक्के नोकरकपातही जाहीर झाली. वरच्यांच्या हट्टाची किंमत खालच्या कामगारांनी मोजली, हेही विसरू नका. आपण गेम बनवणाऱ्यांना शिव्या घालतो तेव्हा निर्णय घेणारा आणि राबणारा एकच असतो असं नाही.

जत्रेतली चिठ्ठी

पुढची तक्रार आता घराघरांत आहे. जत्रेत पैसे देऊन चिठ्ठी ओढायची, नशीब असेल तर घड्याळ, नाहीतर फुगा. गेममधला 'लूट बॉक्स' तोच. पैसे आधी, आत काय ते नंतर कळणार. जत्रेत निदान गडी उठून घरी जातो. इथे जत्रा खिशात आहे, रात्री दोनलाही उघडी.

नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' वरून याचा भडका उडाला. साठ डॉलरचा खेळ विकत घेऊनही डार्थ व्हेडरसारखं मुख्य पात्र मिळवायला कित्येक तास घासावे लागतील, असा हिशोब खेळाडूंनी मांडला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनं यावर रेडिटवर खुलासा केला, तर त्याला सहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली. गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला! खेळ बाजारात यायच्या आदल्या दिवशी कंपनीनं आतली पैशाची खरेदी तात्पुरती बंद केली.

प्रकरण तिथे थांबलं नाही. चीननं मे २०१७ पासूनच अशा डब्यात काय मिळण्याची शक्यता किती, हे जाहीर करणं बंधनकारक केलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगानं काही नामांकित खेळांमधले लूट बॉक्स बेकायदा जुगार ठरवले. पोरांच्या 'आम्हाला फसवलं' या ओरडीला सरकारी शिक्का मिळाला.

खातं बंद करण्याचा दंडुका

टपरीवरच्या पोराची आठवण झाली ती पुढचं प्रकरण वाचताना. 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली. डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलरला प्रकरण मिटलं. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या खासगी माहितीबद्दलचा दंड. उरलेले २४.५ कोटी ग्राहकांना परत द्यायचे, कारण बटणांची रचनाच अशी की चुकून खरेदी व्हावी. आयोगाचा आणखी एक आरोप होता: न केलेल्या खरेदीबद्दल ज्यांनी बँकेकडे तक्रार केली, त्यांची खातीच कंपनी बंद करायची. म्हणजे तक्रार केली म्हणून आधी घेतलेलं सगळंही गेलं.

आणि शेवटची, सगळ्यात मोठी तक्रार. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टनं 'द क्रू' या २०१४ च्या गाड्यांच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतलेला खेळ, एकट्यानं खेळायलाही बंद. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. मागणी साधी: विकलेला खेळ बंद करताना तो कसातरी चालू राहील अशी सोय करून जा. जुलै २०२५ मध्ये युरोपात या मागणीवरच्या सह्या दहा लाखांच्या वर गेल्या. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की, ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळत असेल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' असं लिहायचं नाही.

आपल्याकडे काय?

२०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' आला आणि तालुक्याच्या गावातली पोरं थेट जगात खेळायला लागली. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी. ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' नावानं परत आला आणि जुन्या खात्यातलं सामान आणायची सोय मिळाली. जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गायब, मे २०२३ मध्ये वेळेची मर्यादा घालून परत. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर' गेला. बंदीची कारणं देशाच्या सुरक्षेची होती, त्यावर वाद नाही. पण पोरांनी घातलेल्या पैशांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे कुणी मोठ्यानं विचारला? आम्ही पत्रकारांनीही नाही. आम्ही फक्त 'पबजीच्या नादात' अशा मथळ्यांच्या बातम्या केल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळण्यावर आहे, आणि ते गरजेचंच होतं. घरं उद्ध्वस्त झालेली आपण पाहिली आहेत. पण पैसे न लावता, नुसती आवड म्हणून खर्च करणाऱ्या पोराची तक्रार त्याहून वेगळी आहे. ती ग्राहकाची तक्रार आहे.

आणि ग्राहकाच्या तक्रारीत महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तेव्हाही दुकानदाराला पावती मागणाऱ्याला लोक हसायचे. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. आज २०१९ च्या कायद्यात ऑनलाइन खरेदीच्या व्याख्येत डिजिटल वस्तूंचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फसव्या बटणांविरुद्ध नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत.

कंपन्यांची बाजूही ऐका. हॅक वापरणाऱ्यांना हाकललं नाही तर प्रामाणिक पोरांचाच खेळ नासतो, आणि कसं पकडलं हे सगळं उघड केलं तर चोर शहाणे होतात. सर्व्हर फुकट चालत नाहीत. हे मान्य. पण 'काय चुकलं ते सांगणार नाही, माणूस बोलणार नाही, पैसेही देणार नाही' हे तिन्ही एकत्र कसं मान्य करायचं?

इतिहास वाचून मला एवढंच कळलं: नुसत्या शिव्यांनी एकही कंपनी हलली नाही. लोकांनी पैसे थांबवले, एकत्र येऊन नेमकी मागणी केली किंवा कायदा मागे लागला, तेव्हाच माफीनामे आले.

त्या पोराला मी परवा सोबत बसवलं. बँकेच्या नोंदी काढल्या, मेलचे स्क्रीनशॉट एका फाइलमध्ये लावले आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. पैसे मिळतील का, माहीत नाही. पण तक्रार क्रमांक मिळाला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला पलीकडून 'ग्राहक' म्हटलं होतं.

तुमच्या घरात असं झालं असेल तर पोराला बोलण्याआधी एकदा हिशोब विचारा. आणि अनुभव खाली लिहा. पाच-पंचवीस जण निघाले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण एकत्र जाऊ.