झडपेवरची काजळी

ज्यांचे बालपण कंदिलाच्या उजेडात गेले, त्यांना संध्याकाळचे एक काम आठवत असेल. दिवेलागणीपूर्वी कंदिलाची काच राखेने पुसावी लागे. एक दिवस आळस केला, तर दुसऱ्या दिवशी उजेड निम्मा होई. वात तीच, तेल तेच. पण मध्ये काजळी आलेली असे. जेथे जळण तेथे काजळी, हा नियम माणसाने चूल पेटविली तेव्हापासूनचा आहे. आजच्या अद्ययावत मोटारीचे इंजिनही त्याला अपवाद नाही.

हे मला कळले ते एका सहकारी शिक्षकांमुळे. त्यांनी पुष्कळ वर्षे पैसा साठवून एक वापरलेली मोटार घेतली. थंडीच्या दिवसांत सकाळी सुरू करताना ती अडखळे, थरथरे, आणि चढावर तिचा दम तुटे. एका ठिकाणी प्लग बदलले, दुसऱ्या ठिकाणी पेट्रोलला दोष दिला, तिसऱ्या ठिकाणी तर गुरुजींच्या चालविण्यालाच दोष दिला. अखेर एका वयस्क मेस्त्रींनी हवा आत नेणारा भाग उतरविला आणि बॅटरीच्या उजेडात आतली झडप दाखविली. तिच्या पाठीवर डांबरासारखा काळा, खडबडीत थर बसला होता. मेस्त्री म्हणाले, “सर, यात तुमची चूक नाही. या इंजिनाची घडणच तशी आहे.”

ही घडण अशी का झाली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पेट्रोलच्या इंजिनात प्रथम कार्ब्युरेटर असे. तो हवेत पेट्रोल मिसळी आणि ते मिश्रण झडपेवाटे सिलिंडरमध्ये जाई. ही योजना साधी होती; पण विमानात तिची उणीव दिसून आली. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात हवाई युद्ध जुंपले, तेव्हा जर्मन मेसरश्मिट विमान नाक एकदम खाली करून सूर मारी, आणि पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश विमानाचे इंजिन मात्र त्याच क्षणी गुदमरे. कारण तशा झटक्यात त्याच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल भलतीकडे जाई. जर्मन डाइम्लर-बेन्झ इंजिनात पंपाने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. ब्रिटिशांचा तात्पुरता उपाय १९४१ साली बिआट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने काढला. पेट्रोलच्या वाटेत बसविलेली, भोक पाडलेली एक लहानशी चकती, एवढाच तो उपाय होता.

युद्धानंतर हे थेट फवारणीचे तंत्र रस्त्यावर आले. १९५४ साली न्यूयॉर्क येथे मर्सिडीझ-बेन्झ ३०० एसएल ही पंखांसारखी दारे उघडणारी मोटार लोकांपुढे आली. चार फेऱ्यांच्या इंजिनात थेट फवारणी असलेली, विक्रीसाठी बनविलेली ही पहिली मोटार होय. परंतु इंजिन बंद केल्यावरही, ते पूर्ण थांबेपर्यंत तिचा पंप पेट्रोल फवारीतच राही. ते सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन खाली ऑइलमध्ये उतरे. म्हणून ऑइल वारंवार बदलावे लागे. अशी दारे असलेल्या सुमारे १,४०० मोटारीच बनल्या, आणि हे तंत्र बरीच वर्षे मागे पडले.

याच सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर तपकिरी धुके दाटू लागले होते. मोटारींच्या धुरातील घटकांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते बनते, हे हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने दाखविले. तोवर इंजिनाच्या तळातील ऑइलमिश्रित वाफा एका नळीने सरळ रस्त्यावर सोडीत असत. १९६१ च्या नमुन्यापासून कॅलिफोर्नियातील नव्या मोटारींत त्या वाफा परत इंजिनात नेऊन जाळण्याची व्यवस्था झाली. शहराची हवा थोडी निवळली. तळातली वाफ मात्र आता हवेच्या नळीतून, झडपेवरून जाऊ लागली. पुढच्या कथेचे बीज येथे पडले.

पुढे कार्ब्युरेटर गेला आणि झडपेच्या पाठीमागे पेट्रोल फवारण्याची पद्धत आली. आपल्याकडे गाड्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवीत, ती याच पद्धतीची. येथेही झडपेवर कीट बसे. परंतु तिच्यावर सतत पेट्रोल पडत असल्याने उपाय सोपा होता. पेट्रोलमध्येच मळ धुणारे द्रव्य मिसळावयाचे. १९९५ पासून अमेरिकेत असे द्रव्य मिसळणे सक्तीचे झाले. पेट्रोल हे इंधन तर होतेच, शिवाय ते झडपेची मोलकरीणही होते.

१९९६ साली जपानमध्ये मित्सुबिशीने विजेच्या नियंत्रणाची थेट फवारणी गॅलंट मोटारीत आणली. इतरांनीही तीच वाट धरली. हेतू उत्तम होता. पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्येच झाल्याने आतली हवा थंड राहते, तिला अधिक दाबता येते आणि थोड्या इंधनात अधिक शक्ती मिळते. मात्र आता पेट्रोल झडपेला स्पर्शही करीनासे झाले. ऑइलची वाफ येतच राहिली. तापलेल्या झडपेवर ती बसे, भाजून घट्ट होई आणि थरावर थर चढत जाई. पेट्रोलमधील धुणारे द्रव्य तेथपर्यंत पोहोचेना. मोलकरणीला रजा दिली, पण घरातली धूळ काही थांबली नाही!

यावरचा प्रचलित उपाय ऐकून नवल वाटेल. अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या दाबाने बंद झडपेवर मारतात आणि निघालेली घाण शोषून घेतात. टरफल काजळी खरवडण्याइतके कठीण असते, पण धातूवर ओरखडा उठू नये इतके मऊही असते. टोयोटाने २००५ साली दोन्ही ठिकाणी फवारणी करणारे इंजिन आणले, त्यामुळे झडप पुन्हा धुतली जाऊ लागली. फोर्डनेही २०१७ च्या नमुन्यापासून आपल्या एका मोठ्या इंजिनात दुहेरी फवारणी स्वीकारली. म्हणजे सोडून दिलेली जुनी रीत नवीच्या जोडीला परत बोलवावी लागली. मालकाच्या हाती राहते ते एवढेच की, ठरलेल्या प्रतीचे ऑइल घालावे आणि ते वेळेवर बदलावे.

या इतिहासातून सुधारणा नकोत, असा अर्थ कोणी काढू नये. लॉस एंजेलिसच्या मुलांना स्वच्छ हवा हवीच होती आणि पेट्रोलची बचतही हवीच आहे. परंतु जुनी वस्तू आपले नेमून दिलेले काम करता करता आणखी एखादे काम निमूटपणे करीत असते. तिला निरोप देताना ते दुसरे काम कोणाच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात येते तेव्हा खर्चाची पावती कारखानदाराच्या नव्हे, सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती पडते, आणि वर दोषही त्याच्याच माथी मारला जातो.

आमच्या सहकाऱ्यांची मोटार आता सकाळी एका हाकेसरशी उठते. झडपा साफ करण्यास त्यांचा जवळजवळ एका महिन्याचा पगार गेला. पण ते म्हणतात की, पैशांपेक्षा त्या मेस्त्रींचे ‘यात तुमची चूक नाही’ हे चार शब्द अधिक मोलाचे वाटले. विकणाऱ्याने ते आधीच सांगितले असते, तर किती बरे झाले असते! कंदील विकणारा निदान एवढे तरी सांगत असे की, काच रोज पुसावी लागेल.