रुमालातील क्रम

संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली पाने मागल्या क्रमाने न येता अस्ताव्यस्त मांडलेली दिसावीत, हा आजचा अनुभव करवीर म्हणजे कोल्हापूर दरबारच्या दफ्तरदारास अगदीच नवा वाटला नसता. ब्राउझर टॅबांची यादी एका स्वतंत्र धारिकेत लिहून ठेवतो, आणि ती यादी अपुरी राहिली तर मांडणी ढळते. परंतु दरबारच्या दप्तरातील क्रमाची यादी पुष्कळदा कारकुनाच्या स्मरणातच असे, आणि कारकून बदलला की तीही त्याच्याबरोबर जाई.

महाराणी ताराबाईंनी 1710 मध्ये पन्हाळ्यावर जी गादी स्थापिली आणि 1731 च्या वारणेच्या तहाने जिला सातारा दरबारची मान्यता लाभली, तिच्या कारभारातून सनदा, वतनपत्रे, निवाडे, महजर, रोजकीर्दी आणि ताळेबंद यांचा जो प्रचंड संचय निर्माण झाला, तो 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत वाढतच राहिला. त्यातील मोडी कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात आजही अभ्यासकांची वाट पाहत आहेत. हे कागद पुडक्यांत आणि पुडकी जाड कापडाच्या चौकोनी रुमालांत बांधलेली असत. एखादा वतनदार फिर्याद घेऊन आला की रुमाल सोडायचा, हवा तो कागद हुडकून काढायचा, नक्कल करून घ्यायची आणि काम संपले की तो कागद वरच ठेवून गाठ मारायची, हा कचेरीतला स्वाभाविक व्यवहार. शेवटी हाताळलेला कागद वर येई आणि मूळचे शेजारी खाली दबत. यात कोणाचा हलगर्जीपणा होताच असे नाही. निकडीच्या कामाने लावलेला तो एक नवा क्रमच होता.

जेथे क्रम मोडल्याने हक्क बुडण्याचे भय होते, तेथे मात्र जुन्या लोकांनी विलक्षण सावधगिरी बाळगली. महजर, म्हणजे सभेपुढे झालेल्या निवाड्याचा लेख, लांबलचक असे. कागदाच्या एका बंदाला दुसरा बंद खळीने चिकटवीत नेलेला. त्याच्या पाठीवर प्रत्येक सांध्यावर शिक्का अशा रीतीने उठवीत की त्याचा अर्धा भाग वरच्या बंदावर आणि अर्धा खालच्या बंदावर पडावा. मधला एक बंद कोणी काढला वा नवा घुसडला तर शिक्क्याच्या दोन अर्धांची रेषा जुळत नसे आणि लबाडी उघडी पडे. कागदाच्या अंगात असलेला हा बंदोबस्त कागदांच्या गठ्ठ्याला मात्र कधीच मिळाला नाही, ही हळहळ करण्याजोगी गोष्ट आहे.

हळहळ अशासाठी की, मराठी पत्रांच्या कालनिर्णयात शेजाराला फार मोठे मोल आहे. पत्राच्या शेवटी 'छ' हे अक्षर, त्यापुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना एवढेच पुष्कळदा असते. वर्ष लिहिण्याची गरज लिहिणाऱ्यास वाटत नसे, कारण वाचणारा त्याच वर्षात जगत होता. असे पत्र एकाच तंट्यासंबंधीच्या दोन दिनांकित कागदांमध्ये सापडले तर त्याचे वर्ष बहुधा ठरविता येते. तेच पत्र दुसऱ्या रुमालात गेले की अक्षराच्या वळणावरून आणि आतील नावांवरून तर्क लढविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

माणसाबरोबर क्रमही जातो, हे गावच्या दप्तरांतही दिसले. 1918 मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींनी गावचे दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्यांची वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा गावोगावच्या दप्तरांचा धनी बदलला. सामाजिक दृष्टीने ते पाऊल आवश्यक आणि न्याय्य होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तथापि पिढीजात घराण्यात कोणता कागद कोणत्या पुडक्यात हे जे तोंडपाठ ज्ञान होते, ते कागदांसोबत हवाली करता येण्यासारखे नव्हते.

युरोपातही कागदांचा मूळ क्रम जपण्याचा प्रश्न सुटावयास दीर्घ काळ लागला. एका कचेरीचे कागद तिचेच म्हणून एकत्र ठेवावेत, असे फ्रान्सच्या सरकारने 1841 च्या परिपत्रकाने ठरविले. आणि मूळ कचेरीतील अंतर्गत रचनाही जपावी, हे तत्त्व म्यूलर, फाइट आणि फ्राइन या तीन डच दफ्तरतज्ज्ञांनी 1898 च्या ग्रंथात मांडले. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी 'ताराबाईकालीन कागदपत्रे' संपादून करवीरचा इतिहास अभ्यासकांच्या हाती दिला, हे त्यांचे ऋण थोर आहे. छापील खंडात कागद कालक्रमाने यावेत हे वाचकाच्या सोयीचे खरे, पण मूळ रुमालाची जागा छापील क्रम घेऊ शकत नाही.

आता मोडी कागदांची छायाचित्रे काढून ती संगणकावर साठविण्याचे दिवस आले आहेत. त्या कामासाठी रुमालाची गाठ सुटताच, कागद इकडचा तिकडे होण्याआधी, वरपासून खालपर्यंत प्रत्येकावर पेन्सिलीने अनुक्रमांक पडला पाहिजे. जो कागद चुकीच्या जागी शिरलेला वाटतो त्यावरही, तो जेथे आहे तेथेच. विषयवारी आणि कालक्रम यांची सूची त्यानंतर स्वस्थपणे, हवी तितक्या प्रकारांनी करता येईल.