डावाची लांबी आणि दैवाचा हात

कामगार चळवळीतल्या माणसाने बिलियर्डसारख्या साहेबी खेळावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमची शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्यापाशी. त्या शिकण्यात एक प्रश्न आम्हांस सारखा छळीत आला: माणसाच्या कसबाचे माप घ्यायचे, तर ते किती वेळ घ्यावे? त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही थ्री-कुशन बिलियर्डच्या इतिहासापाशी येऊन पोहोचलो.

आपल्याकडे बिलियर्ड म्हटले की पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स आठवतात. १९५८ साली कलकत्त्यास ते हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यवीर झाले. पण तो खेळ इंग्रजी, खिशांच्या टेबलावरचा. थ्री-कुशनच्या टेबलाला खिसेच नसतात. चेंडू तीन. आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांना शिवायचे. पण दुसऱ्याला शिवण्यापूर्वी टेबलाच्या कडांवर निदान तीन वेळा आपटायचे. साधले तर एक गुण आणि पुन्हा फटका. चुकले तर पाळी समोरच्याची.

यात दैवाचा हात कोठे? अचूक मारलेला चेंडू वाटेत दुसऱ्याला धडकतो आणि फटका वाया जातो. चुकलेला फटका कधी आणखी एक कड फिरून गुण देऊन जातो. आणि आपली पाळी संपली की मागे उरलेली मांडणी प्रतिस्पर्ध्याला सोपी पडेल की अवघड, हेही पुष्कळदा नशिबावर असते. एका फटक्यात दैव मोठे. हजार फटक्यांत ते दोन्ही बाजूंना सारखे वाटले जाते. म्हणजे दैवाला किती जागा द्यायची, हे सामन्याच्या लांबीवर ठरते; आणि ती लांबी माणसेच ठरवतात.

या खेळाची पहिली स्पर्धा १८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील सेंट लुईस येथे झाली. लिऑन मॅग्नस ती जिंकला. त्या स्पर्धेतील सर्वोत्तम सरासरी पाळीमागे पाऊण गुणाची होती आणि एका पाळीतले सर्वाधिक गुण होते अवघे ६. पुढे बेल्जियमचा रेमंड क्योलेमान्स आला. १९६३ पासून १९७३ पर्यंत सलग अकरा वर्षे तो जागतिक विजेता होता. १९७४ साली जपानच्या नोबुआकी कोबायाशीने ती साखळी तोडली. त्या काळी जागतिक स्पर्धा साखळी पद्धतीची असे, आणि एकेक सामना ६० गुणांचा. क्योलेमान्स थोर होताच; पण त्याचे थोरपण दिसायला तो काळ वेळही देत होता.

१९८६ पासून व्यावसायिकांची विश्वचषक मालिका सुरू झाली आणि माप बदलले. १५ गुणांचा एक सेट, पाचांतून तीन जिंकेल तो विजयी, हरेल तो स्पर्धेतून बाद. प्रेक्षकाला वरचेवर निकाल हवा असतो, हे त्यामागचे धोरण. आता साधा हिशेब पाहा. एक खेळाडू तिघा सेटांत १४–१५ असा हरला आणि दोन सेट १५–३ व १५–४ असे जिंकला. त्याचे गुण ७२, प्रतिस्पर्ध्याचे ५२. तरी घरी जातो तो ७२ वाला!

दुसरा हिशेब. एकेक सेट शंभरातून साठ वेळा जिंकेल असा सरस खेळाडू घ्या. तिनांतून दोन सेटांचा सामना तो ६५ वेळा जिंकेल. पाचांतून तीनचा ६८ वेळा. सातांतून चारचा ७१ वेळा. बत्तीस जणांच्या बाद पद्धतीत पाच फेऱ्या ओलांडाव्या लागतात. पाचही वेळा ६८ टक्क्यांची वाट धरली, तर तो अजिंक्य ठरण्याची शक्यता उरते जेमतेम १५ टक्के!

तिसरी गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. पाऊण गुणाची सरासरी असताना १५ गुणांना वीस पाळ्या लागत. दीड गुणाची सरासरी झाली की दहा पुरतात. म्हणजे नियम तोच राहिला, तरी खेळ सुधारला की माप आपोआप आखूड होते.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. घड्याळ घेऊन एक टाइम-स्टडीवाला एका सकाळी एका टर्नरपाशी तीन तास उभा राहिला. हत्यार नवे, माल मऊ, माणूस ताज्या दमाचा. निघालेला आकडा सगळ्या खात्याचा नॉर्म झाला. पुढच्याच महिन्यात वीस वर्षे नोकरी झालेल्या एका कारागिरास कामचुकारपणाचा मेमो मिळाला. आम्ही बारा पाळ्यांची मोजणी मागितली. वेळ नाही, असे उत्तर आले. दीड महिना भांडल्यावर ती झाली आणि नॉर्म खाली आला. तो मेमो मात्र त्या कारागिराच्या फायलीत तसाच राहिला.

म्हणून आखूड सामना वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. व्यावसायिक खेळाडूची चूल प्रेक्षकाच्या पैशावर पेटते, आणि रिकाम्या दालनात न्याय पुरेपूर झाला तरी त्याचे पोट भरत नाही. शिवाय नवख्याला एखाद्या दिवशी थोराला हरवण्याची आशा आखूड सामन्यातच असते. क्योलेमान्सने तर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, २००१ साली, पुन्हा जागतिक पद मिळवले. जागतिक महासंघ पुढे ४० गुणांच्या अखंड सामन्याकडे वळला. सुरुवात करणाऱ्याने आधी ४० गाठले तरी समोरच्याला बरोबरीची पाळी देण्याची रीत त्यात होती. २०१९ साली दक्षिण कोरियात उभ्या राहिलेल्या व्यावसायिक मालिकेने मात्र १५ गुणांचे सेटच पत्करले, आणि चेंडूंना शिवण्याआधी कडा घेणाऱ्या फटक्याला दोन गुण दिले.

आमचे मागणे एवढेच. माप आखूड ठेवायचे तर खुशाल ठेवा. पण त्याचा निकाल त्या दिवसापुरता माना. वर्षाच्या सगळ्या सामन्यांची बेरीज करूनच माणसाची किंमत ठरवा. एका सकाळच्या आकड्यावर कोणाच्या कपाळी शिक्का मारू नका. तो शिक्का टेबलावर असो की लेथवर.