वेल्ह्याची पहाटेची एस.टी.

स्वारगेटला अजून अंधार आहे. तुमचा बारा जणांचा कंपू सॅकांसकट वेल्ह्याच्या गाडीत चढतो, कंडक्टर घंटी मारतो. नसरापूरला गाडी हमरस्ता सोडते आणि उजाडता उजाडता तोरणा दिसू लागतो. १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा.

चढताना दम लागतो म्हणून तुम्ही कातळाला हात टेकता. कातळ गरम आहे.

वळून बघता तर खाली वेल्हे नाही. साडेसहा कोटी वर्षं मागे आला आहात. हा भूभाग अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आणि डोंगर तर कुठेच नाही. ज्वालामुखी म्हणजे धुमसतं शिखर, असं चित्र तुम्ही शाळेत काढलं होतं. इथे जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्यात आणि लाव्हा पुराच्या पाण्यासारखा सपाट पसरतोय. गंधकाच्या वाफांनी घसा जळतो. लाव्ह्यावर साय धरते, तिच्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पोटातला लाव्हा मात्र सावकाश निवतो, घट्ट होतो.

मग शांतता. पाऊस पडतो, दगड कुजतो, तांबडी माती होते, तीत झाडं रुजतात. संपलं, असं वाटतं तोच दूरवर लाल रेघ हलते. नवा लोंढा त्या झाडांवरून येतो, मातीला विटेसारखी भाजून काढतो. असं किती वेळा, ते मोजायला माणूस जन्मलेला नाही.

"अरे, चला की!" वरून हाक येते.

चढ तोच, पण आता तो वाचता येतो. लोंढ्याचं घट्ट पोट उभं तुटतं, त्याचा कडा होतो. बुडबुड्यांचा थर लवकर झिजतो, त्यावर गवत धरतं. सह्याद्रीत कड्याच्या बुडाशी तांबडी रेघ दिसली तर तिच्यापाशी जरूर थांबा. तिथे कधीकाळी पाऊस पडत होता.

रेलिंग धरून बिनी दरवाजा, मग कोठी दरवाजा, मेंगाईचं देऊळ. समोर राजगड. त्याच्याही अंगावर अशाच आडव्या पट्ट्या. मधलं खोरं पाण्यानं पुढे कोरलं. त्याआधी इथून तिथवर जमीन सलग होती. दोन्ही गड तिचे उरलेले तुकडे.

कुणीतरी डबा उघडतं. तुम्ही अजून राजगडाच्या पट्ट्या मोजताय.