टिपणपत्रे
अभ्यास किंवा संशोधन करताना ग्रंथांतील माहिती, उतारे व संदर्भ टिपून ठेवण्यासाठी वापरण्यात येणारी, सारख्या आकाराची सुटी कागदी पत्रे वा चिठ्ठ्या. बांधीव वहीतील टिपणे वाचनाच्या क्रमाने साठत जातात. लेखनाच्या वेळी लागणारा विषयाचा क्रम त्यांना सहजी देता येत नाही. सुटी पत्रे मात्र वर्णानुक्रमे, कालानुक्रमे वा विषयवार कितीही वेळा लावता येतात. त्यासाठी एका पत्रावर एकच नोंद करणे, माथ्यावर शीर्षशब्द लिहिणे आणि ग्रंथनाम, आवृत्ती व पृष्ठांक न चुकता देणे आवश्यक असते. मूळ उतारा, त्याचा सारांश आणि अभ्यासकाचे स्वतःचे मत हेही वेगवेगळे दाखवावे लागते.

या पद्धतीची यूरोपातील परंपरा जुनी आहे. स्विस निसर्गवैज्ञानिक कोनराट गेस्नर यांनी सुट्या चिठ्ठ्यांवर टिपणे करून त्या क्रमाने लावण्याची रीत १५४८ मध्ये वर्णन केली. अठराव्या शतकात कार्ल लिनीअस यांनी वनस्पती व प्राणी यांच्या वर्गीकरणासाठी अशी पत्रे वापरली. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ या कोशासाठी स्वयंसेवी वाचकांनी पाठविलेल्या लक्षावधी चिठ्ठ्यांतून शब्दांचा इतिहास सिद्ध झाला. जेम्स मरी यांनी १८७९ मध्ये त्याचे संपादन हाती घेतले. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला व कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला.

महाराष्ट्रात या पद्धतीचा सर्वांत व्यापक उपयोग पुणे येथील डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशकार्यात झाला. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या विश्वकोशात्मक संस्कृत शब्दकोशाचे काम सुरू झाले. ऋग्वेदापासून उत्तरकालीन वाङ्‌मयापर्यंतचे सु. १,५०० ग्रंथ वाचून सु. एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. या कामास सु. पंचवीस वर्षे लागली. अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये कोशाचे प्रकाशन सुरू झाले.

संस्कृतात चिठ्ठी करणे हेच एक विद्वत्कार्य ठरते. संधीमुळे जोडले गेलेले शब्द आधी सोडवावे लागतात. ‘नास्ति’ हे एकसंध दिसणारे रूप ‘न’ आणि ‘अस्ति’ अशा दोन नोंदींत विभागले जाते. चिठ्ठ्या एकत्र लावल्यावर अर्थांचा विस्तारही स्पष्ट होतो. ‘अग्नि’ हा शब्द वैदिक सूक्तांत देवतावाचक, वैद्यकात जठराग्निवाचक, तर गणित व ज्योतिष या विषयांच्या ग्रंथांत ३ या संख्येचा वाचक आहे. कोणताही एक ग्रंथ वाचून हे सर्व अर्थ हाती लागत नाहीत.

चिठ्ठीचे मोल तिच्यावरील संदर्भावर अवलंबून असते. डेक्कन कॉलेजनेच शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे तीन टप्पे ठरविता आले, ते प्रत्येक घर, दफन व मृत्पात्र कोणत्या थरातील आहे, याच्या नोंदीमुळेच. थर अज्ञात असलेल्या खापराचा कालनिर्णय जसा अवघड, तसाच स्थळनिर्देश नसलेला उतारा संशोधनास निरुपयोगी ठरतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. उतारा मूळ प्रकरणातून सुटा होत असल्याने त्याचा पूर्वापर संबंध तुटू शकतो. एक पत्र चुकीच्या जागी गेले, तर ते हरवल्यासारखेच होते. कागद जीर्ण होतो आणि कीड व दमट हवा यांपासून त्याचे रक्षण करावे लागते. शिवाय संग्रह जितका समृद्ध, तितके संपादन दीर्घ होते. संस्कृत कोशाचे सु. ३५ खंड निघाल्यावरही काम ‘अ’ या पहिल्याच वर्णात होते. संगणकामुळे जुळणी व शोध ही कामे सुकर झाली आहेत. तथापि प्रत्येक शब्दाचा संदर्भानुसार अर्थ ठरविण्याचे काम अभ्यासकालाच करावे लागते.